दोन मजल्यांच्या मधोमध

"कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत रुततोय, आणि ज्याचा आहे त्याला ते चांगलं ठाऊक आहे," मालकांची आत्या पुटपुटली.

कोपर जनसंपर्क अधिकाऱ्याचा होता, पण त्या एवढ्याशा डब्यात तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. आत्याला खेटून मालक, मालकांसमोर टीव्हीवाली बातमीदार मुलगी, तिच्या खांद्यामागे कॅमेरावाला, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. कंपनीच्या नव्या लिफ्टची ही पहिली सफर होती. चौथा मजला गेला. पाचवा काही येईना.

अधिकारी मूळचा बातमीदार. आधी वर्तमानपत्रात, मग टीव्हीवर. कमरेएवढ्या पुरात उभं राहून 'पाणी वाढतंय' असं लोकांना सांगण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. जेवायच्या वेळी घरात असलेला नवरा दिसतो तरी कसा, हे एकदा बघायचंय, असं बायको म्हणाली, तेव्हा तो लिफ्टच्या कंपनीत आला. इतकी वर्षं गावभरची लफडी बाहेर काढलीस, आता एकाच माणसाची झाकायची, तेवढाच आराम, अशी तिनं समजूतही घातली होती. आजचा कार्यक्रम नीट पार पडला की मालक त्याला कायम करणार होते. नाही पडला तर काय, ते मालकांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. बातमीदार असता तर विचारलं असतं.

"सर, काय झालं?" मुलीनं विचारलं. ती एकेकाळी त्याच्याच हाताखाली तयार झालेली.

मालकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. 'आमची लिफ्ट बंद पडत नाही' ही कंपनीची जाहिरात त्यानंच लिहिली होती.

"लिफ्टनं विराम घेतलाय," तो म्हणाला.

मालकांनी मदतीचं बटण दाबलं. फोन अधिकाऱ्याच्या खिशात वाजला. तक्रारी पत्रकारांपर्यंत पोचू नयेत म्हणून मदतीचे सगळे फोन त्यानं स्वतःकडे वळवून घेतले होते, हे त्याला आत्ता आठवलं. पण वाजलेला फोन उचलायचा, ही सवय जुनी. त्यानं उचलला, आणि छतातल्या स्पीकरच्या जाळीतून त्याचाच मधाळ आवाज सगळ्यांच्या डोक्यावर ओतला गेला. नमस्कार, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आपण कुठून बोलताय?

"तुझ्या पुढ्यातून," मालक म्हणाले.

मग त्यानं मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक तळमजल्यावरच होता. पण त्यालाही अधिकाऱ्यानंच शिकवून ठेवलेलं. 'बंद पडली' असं कुणी स्पष्ट म्हटल्याशिवाय हत्यारं घेऊन धावायचं नाही, लोक उगाच घाबरतात.

"विराम म्हणजे काय हो, साहेब?"

"म्हणजे ती दोन मजल्यांच्या मधोमध स्थिरावली आहे."

"हलतबिलत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग चांगलंच की. मी जेवून घेतो."

अधिकाऱ्यानं त्याला कसंबसं धरून ठेवलं. जेवण नंतर कर, आधी वर ये, असं सांगितलं. कशाला येऊ, असं मेकॅनिकनं साधेपणानं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर पाचही जणांना माहीत होतं. आत्या छताकडे बघू लागली. मुलीनं माइक थोडा पुढे सरकवला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "सर, तुम्हीच शिकवलंत. आधी काय झालं ते सांगायचं, मग कुणामुळे."

तेवढ्यात लिफ्टमधला दिवा गेला. पंखाही गेला. अंधारात कुणीतरी अधिकाऱ्याचा हात घट्ट पकडला. आत्या असावी म्हणून त्यानं धीरानं थोपटला, तर बोटात मालकांची जाडजूड अंगठी. तळवा घामानं चिंब झालेला. व्यायाम म्हणून आपण रोज जिन्यानंच येतो, असं मालक सगळ्यांना सांगत, आणि त्यानंही ते कौतुकानं छापून आणलं होतं.

त्याला मालकांची दया आली, आणि दयेपाठोपाठ जुनी हिंमतही आली. गेली नोकरी तर गेली. त्यानं पाठ ताठ केली, कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे पाहिलं, फोन माइकसारखा तोंडापुढे धरला आणि श्वास भरून घेतला.

"आत्ताच्या घडीला या ठिकाणी," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "लिफ्ट... आपल्या प्रवाशांना... मजल्यांच्या दरम्यानचा एक निवांत अनुभव..."

तो दचकून थांबला. म्हणायचं होतं ते निराळंच होतं. पुन्हा तोंड उघडलं, तर 'निवांत' याच्या जागी 'अविस्मरणीय' आलं. खरा शब्द जिभेवर सापडेना. खिसे चाचपावेत तसा तो मनातल्या मनात चाचपडत राहिला.

मग साहेब, येऊ की जेवू, असं मेकॅनिक विचारत होता.

मालकांनी अंधारातच फोन ओढून घेतला.

"अरे बाबा, लिफ्ट बंद पडलीय," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मला भीती वाटतेय."