एका वेळी एकच भाग

मिस्त्रींच्या हातून लिफ्ट दुरुस्त झाली नाही, असं तेवीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्याचं गुपित ते विचारेल त्याला, आणि न विचारेल त्यालाही, सांगायचे. एका वेळी एकच भाग बदलायचा. बिघाड गेला, तर जुना भाग पुन्हा बसवून बघायचा. बिघाड परत आला, की चोर सापडला!

त्यामुळे बायकोची अर्धशिशी ही त्यांना अगदीच किरकोळ बाब वाटली.

बायको शाळेत चित्रकला शिकवायची. महिन्यातून तीनदा तरी तिचं अर्धं डोकं असं ठणकायचं, की उजेड नको, आवाज नको, वास नको. गेल्या वर्षी परगावच्या प्रदर्शनात मुलांची चित्रं लागली, तेव्हा बाई शेजारच्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर रुमाल बांधून पडल्या होत्या. चित्रं दुसऱ्यांनीच लावली, त्यातलं एक तर चक्क उलटं. यंदा तिला ते प्रदर्शन स्वतःच्या हाताने लावायचं होतं. त्याला तीन आठवडे उरले होते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. कुणाला जागरण बाधतं, कुणाला उपास, कुणाला उजेड, कुणाला काळजी. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, दुखायला लागताच गोळी घ्या आणि एका वहीत नोंद ठेवा. मिस्त्रींनी यातलं ‘वही’ एवढंच ऐकलं.

"तीन आठवडे पुष्कळ झाले," ते घरी येता येता म्हणाले. "चोर पकडून तुझ्या हातात देतो."

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला दिवा गेला. त्या जागी आला तो इतका मंद, की बायकोने साखर म्हणून मीठ घातलं आणि स्टुलावर गुडघा आपटला. मग चहा बंद झाला. वर्षानुवर्षांचा चहा एका झटक्यात तोडल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचं डोकं असं उठलं, की तिला उभं राहवेना. ‘चहा निर्दोष’, मिस्त्रींनी वहीत लिहिलं. आवाज नको म्हणून त्यांनी दारावरची घंटा काढली. मग दूधवाला दार बडवायला लागला, तेही दोन्ही हातांनी. रंगांचा वास नको म्हणून तिचे रंग गच्चीत गेले आणि उन्हात वाळून त्यांचे दगड झाले.

दिवस कमी उरले तसं मिस्त्रींनी तेवीस वर्षांचं तत्त्व गुंडाळून ठेवलं आणि एकदम तीन-तीन भाग बदलायला सुरुवात केली. न्याहारी तासभर पुढे, उशी पातळ, साबण वेगळा! शिवाय रोज पहाटे पाचला ते तिला हलवून उठवत आणि पेन्सिल सरसावून विचारत, "झोप नीट लागली का गं?"

तीन आठवड्यांत डोकं सहा वेळा दुखलं. मिस्त्री खूश होते. बिघाड जितका वारंवार, तितका सापडायला सोपा, असं त्यांचं म्हणणं. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे बायकोचं म्हणणं वहीत कुठल्या रकान्यात घालावं ते त्यांना कळेना.

ती प्रदर्शनाला निघायच्या दिवशी त्यांनी रोज फोनवर विचारायच्या सत्तावीस प्रश्नांची यादी वाचून दाखवली. बायकोने शांतपणे वही पिशवीत टाकली.

"नोंद मी ठेवते," ती म्हणाली. "फोन करू नका."

चार दिवस मिस्त्री घरात एकटे होते. तिकडे तिला काय होत असेल या काळजीने झोप उडाली. जेवण आठवलं तर व्हायचं, नाहीतर नुसता चहा. चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चकचकीत रेघा नाचल्या, आणि थोड्या वेळाने डावीकडचं अर्धं डोकं, आत कुणी पाना घेऊन ठोकावं तसं ठणकायला लागलं. ते भिंत धरधरून खिडकीपाशी गेले आणि पडदा ओढून आडवे झाले. याच खाटेशी उभं राहून आपण तिला काय काय विचारलं, ते त्यांना एकेक आठवलं. खूप लाज वाटली.

संध्याकाळी बायको आली, ती ताजीतवानी. दारातूनच तिला सारं कळलं. तिने दिवा लावला नाही. गार पाण्यात कापड पिळून त्यांच्या कपाळावर ठेवलं आणि एकही प्रश्न न विचारता शेजारी बसली.

बऱ्याच वेळाने ठोके कमी झाले. "वहीत काय लिहिलंस?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

तिने वही काढली आणि दारातून येणाऱ्या उजेडात वाचलं, "काढलेला भाग: घरचे प्रश्न. चहा, जेवण, झोप पहिल्यासारखं, वेळच्या वेळी. परिणाम: चारही दिवस डोकं शांत." मग ती म्हणाली, "पण तुमच्या पद्धतीने खात्री व्हायची तर जुना भाग पुन्हा बसवून बघायला हवा. विचारा."

मिस्त्रींनी कापड डोळ्यांवर ओढून घेतलं.

"तो भाग भंगारात टाक," ते म्हणाले.

दहा मिनिटंही झाली नसतील, तोच कापडाखालून आवाज आला, "अगं, पण चित्रं सगळी सुलटीच लागली ना?"

"लागली," बायको म्हणाली. हा प्रश्न तिने वहीत धरला नाही.