बोंदरेभाऊंचा चौकोन

बोंदरेभाऊ कुणाला 'राम राम' म्हणत नसत. समोर दिसलात की एकच सवाल, "ताप हाये काय? पाहुणा हाये काय?"

सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सक्करदऱ्यात राहायचो, आणि बोंदरेभाऊ हिवताप खात्यात होते. दर पंधरा दिवसांनी खाकी शर्ट, सायकल, खांद्याला झोळी. पाहुणा बाहेरगावाहून ताप घेऊन येतो, म्हणून त्याचीही चौकशी. ताप आहे म्हणालात की बोटाला सुई टोचलीच! रक्ताचा थेंब काचपट्टीवर, कडू गोळ्या तुमच्या तळहातावर, आणि दाराशेजारी भिंतीवर छापलेल्या चौकोनात तारीख आणि सही. त्या चौकोनावर त्यांचा भारी जीव. दिवाळीला कुणी घर रंगवायला काढलं की हे दारात हजर. "अख्खं घर रंगवा ना बाप्पा, पण माह्या चौकोनाले हात नका लावू!" त्यामुळे गल्लीतली घरं निळी आणि प्रत्येकाला एक पांढरं ठिगळ.

मी शाळामास्तर, पण खरं सांगतो, ते दिसले की मी न्हाणीत लपायचो. बायको सांगायची, "मास्तर घरी नाहीत."

"मंग न्हाणीतल्या मास्तराले इचारा, ताप हाये काय?"

एकदा ऐन मे महिन्यात माझ्या बहिणीला पाहायला सावनेरचे लोक आले. मुलगा घाम पुसत म्हणाला, "अंग तापून राहिलं." नेमके बोंदरेभाऊ दारात! पाहुणा आणि ताप, दोन्ही एकाच माणसात. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "बोट दाखवा जावईबापू!" थेंबभर रक्त पाहून जावईबापू पोह्यांच्या बशीवर आडवे. सोयरीक तिथंच मोडली.

"काहून केलं गा असं?" मी भडकलो.

ते काचपट्टी वाळवत म्हणाले, "एका थेंबाले भेते तो, मास्तर. पोरगी वाचली तुमची." बहीण आत तोंडाला पदर लावून हसत होती.

मग एका श्रावणात बायको दारातूनच ओरडली, "अहो, चौकोनात तारीख नाही पडली! पंधरवडा उलटून गेला ना!"

मी शेजारच्या भिंती पाहिल्या. सगळीकडे तीच जुनी तारीख. माणूस एकटा, लग्न केलेलं नाही. तलावामागे त्यांची खोली होती म्हणे, पण इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही ती पाहिली नव्हती. विचारत विचारत गेलो.

बोंदरेभाऊ घोंगडीत कुडकुडत पडले होते. सुई, काचपट्टी उशाशी तयार, पण हात थरथरत होते. आणि भिंत साफ कोरी.

"भाऊ, तुमच्याच घराले चौकोन नाही?"

"मले इचाराले कोन येते गा?"

मला माझीच लाज वाटली. न्हाणीतले सगळे दिवस आठवले. मी खाटेजवळ बसलो आणि विचारलं, "ताप हाये काय?"

"हाये."

"पाहुणा हाये काय?"

त्यांनी घोंगडीतून मान वर केली. डोळे भरून आले. "हाये ना. आत्ताच आला."

मी त्यांचं बोट धरलं, सुई टोचली, गोळ्या गिळायला लावल्या. मग चुलीतला कोळसा घेऊन दाराशेजारी वाकडातिकडा चौकोन काढला आणि तारीख घातली.

पडल्यापडल्या ते खेकसले, "मास्तर, सही राहिली!"