व्हर्जन कोणतं जी?

आमच्या आंबागडात घरी पाहुणा आला की लोक आधी पाणी देतात. बळीरामजी आधी त्याचा फोन मागतात. फोन उलटासुलटा करून बघतात, सेटिंगमध्ये शिरतात आणि डॉक्टरने जीभ पाहून मान हलवावी तशी मान हलवत विचारतात, "व्हर्जन कोणतं जी तुमचं?"

पाहुण्याला वाटतं, हे कुळाबिळाचं विचारून राहिले. गावात मुलगी पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी तर खरंच आपलं कूळ, आजोळ, सगळं सांगून टाकलं. बळीरामजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक हाये. पन पोराचा फोन लय मागं हाये." सोयरीक जुळली, पण साक्षगंधाच्या आधी नवरदेवाचा फोन अपडेट झाला.

बळीरामजी बसचे कंडक्टर होते. तुमसर-नाकाडोंगरी लाइनवर जन्म गेला. रिटायर झाले तरी घंटीची दोरी काही हातातून सुटली नाही. "पुढं सरका! मागं राहिला तो स्टँडवरच राहिला," असं पूर्वी प्रवाशांवर ओरडायचे, आता फोनवाल्यांवर ओरडतात. घरात एकटेच असतात. बायको वारून बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक, सुषमा, पुण्याला कंपनीत आहे. त्यांच्या आणि आमच्या आंगणाच्या मधे फक्त बेशरमीच्या झुडपांचं कुंपण, त्यामुळे त्यांचं सगळं आम्हाला ऐकू येतं आणि आमचं त्यांना. त्यात ते फोनवर बोलतात ते नेहमी स्पीकर लावून. कानाला लावला की डोकं तापतं म्हणे.

फोनची नवी सिस्टीम आली की बळीरामजींची ड्युटी सुरू होते. किल्ल्याच्या डोंगरामुळे गावात नेटवर्क अडतं, ते नीट मिळतं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. म्हणून बळीरामजी घरोघर फिरून फोन गोळा करतात, ते जुन्या चामडी बॅगेत भरतात आणि पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली दुपट्टा अंथरून एका ओळीत मांडून बसतात. शेजारी जाळं टाकायला आलेले ढिवर.

"काही गावलं का जी?" एकाने विचारलं.

"चाळीस टक्के."

"अरे बापा! मले तं अजून एक झिंगा नाई गावला."

अपडेट चालू असताना कोणी फोनला हात लावायला गेलं की ते ओरडतात, "गाडी चालू असताना दरवाजा उघडू नोका!" आमच्या आईचा फोन असाच पाळीवर जाऊन आला आणि त्यातलं सगळं इकडचं तिकडे झालं. आई कुंपणाशी गेली. "बळीरामजी, माह्या फोनातलं घड्याळ हरवलं ना."

"हरवलं नाई वहिनी," ते म्हणाले, "त्याची सीट बदलली."

एका सकाळी मी त्यांच्याकडे भाजीची वाटी द्यायला गेलो. बळीरामजी खाटेवर बसून लेकीशी बोलत होते.

"सुषमा, हे नवं व्हर्जन आलं म्हनते. करू का नको करू? मले तं काही समजूनच नाई राहिलं."

मी दारातच थांबलो. आदल्याच दिवशी पाळीवर त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा फोन अपडेट केलेला मी पाहिला होता.

"बाबा, सेटिंगमधी जा," सुषमाचा आवाज आला.

"सेटिंग म्हंजे ते चाक? थांब, चश्मा घेतो." चश्मा नाकावरच होता.

"किती खेपा सांगू तुमाले! मांगच्या खेपेस बी हेच सांगतलं होतं."

मला पाहून बळीरामजींनी ओठांवर बोट ठेवलं. मग लेक एकेक बटण सांगत गेली आणि ते प्रत्येक बटणाला चुकत गेले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बाकीच्या दिवशी पोरगी म्हनते, बाबा, मीटिंग हाये, ठेवते. हे इचारलं का मंग बसते सांगत. रागावते बी." 'रागावते' म्हणताना चेहरा असा खुलला की बघत राहावं. "कोनाले सांगू नोका बरं."

मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे, आईला सांगितलं. पण आई म्हणजे काही 'कोणी' नाही.

या दिवाळीला सुषमा आली आणि वडिलांना नवाकोरा फोन देऊन गेली. आता गावभर मिरवणूक निघणार असं आम्हाला वाटलं. पण बळीरामजी घराबाहेरच पडेनात. शेवटी आईने त्यांना चहाला हाक मारली. ते आले आणि आमच्या ओट्यावर बसले.

"काय झालं जी?" मी विचारलं. "फोन बिघडला का?"

"बिघडला असता तं बरं होतं. हा आपोआपच अपडेट होते. मी झोपलो असतो, हा रातभर हळूहळू ओढते, आन् सकाळी म्हनते, झालं. इचारत बी नाई!"

"मग ते सेटिंग बंद करा की."

"करता येते ना. पन तिनंच चालू करून देल्लं. म्हने, बाबा, आता तुमाले कायचा तरास नाई."

चहावर साय धरली.

"तसाच लावा ना फोन," आई म्हणाली. "लेकीले फोन लावाले कारन कायले पाह्यजे?"

"बिनतिकीट बसल्यावानी वाटते वहिनी."

आईने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. बळीरामजींनी आमच्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि नंबर लावला.

"हॅलो बाबा? काय झालं? फोन बिघडला का?"

"नाई. फोन चांगला हाये."

"मंग?"

भरली बस एका आरोळीत गप्प करणाऱ्या माणसाने आवाज खाली आणला. मग एकदम म्हणाले, "सुषमा, ते अपडेट... मले येत होतं करता. पयल्यापासून."

"माहीत हाये."

"काय?"

"तुमी साऱ्या गावाचे फोन तलावावर नेता. काकूनं सांगतलं मले, कवाच."

आई लगबगीने कुंपणाची वाळकी पानं काढायला लागली.

"माहीत होतं?" बळीरामजी म्हणाले. "मंग तू कायले सांगत बसे एवढा येळ?"

फोन कटला की काय म्हणून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"तुमी इचारत होते ना बाबा," सुषमा म्हणाली.

बळीरामजींनी दोन्ही पाय ओट्यावर घेऊन नीट मांडी घातली.

"बरं," ते म्हणाले, "मंग आज जेवाले काय केलं, ते सांग. सावकाश सांग."