एका टायमाला एकच बदल

त्या दिवशी सांजच्याला मी अन् आमची मंडळी ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडायलो होतो, अन् समोरचा अनंता आमच्या पंख्याचं बटन बदलायच्या आधी जुन्या बटनाचे फोटो काढायला होता. एक न्हाई, सात. मग खिशातून वही काढून लाल वायर कुठं, काळी कुठं, त्याचं चित्र काढलं.

"आरं, बटन हाय का नवरी?" मी म्हणलं.

"मामा, परत यायची वाट ठेवल्याबगर कशालाबी हात लावायचा न्हाई."

"शिका जरा त्याच्याकडून," ही म्हणली.

बेचाळीस वर्षांचा संसार, अन् मी शिकायचं ह्या चष्मेवाल्याकडून!

अनंता कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. पुण्याच्या कंपनीचं काम इथं बोरीत, आईबापाच्या घरात बसून करतो. आईबाप गेले, लग्न झालं न्हाई. मी चौथी शिकलेला, त्याचं काम मला कळत न्हाई. पण त्याचं खूळ सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. लॅपटॉपात जुनं काढून नवं टाकायचं म्हणलं की ह्याचे तीन दिवस जातात. पहिल्या दिवशी जुनं कसं चालतं ते वहीत लिहितो. दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल ठेवतो. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट बदलतो अन् बघत बसतो. "एका टायमाला एकच बदल, मामा. दोन केले अन् बिघडलं, तर कशानं बिघडलं कसं कळणार?"

हिला ते लय पटलं. एकदा नवी चहापत्ती अन् मी आणलेला नवा गूळ एकाच दिवशी पातेल्यात पडला, अन् च्या नासला. ह्या बहाद्दरानं तीनदा च्या करायला लावून शोध लावला, "दोष गुळाचा." दोघं हसले. गूळ माझा ना! पुढं पुतण्याच्या लग्नात ही मला नवं धोतर नेसून मिशी कापू देईना. "एकदम दोन बदलायचं नसतं वं."

मी चाळीस वर्षं घसा फोडला तर एक ऐकलं न्हाई. त्यानं तोंड उघडलं की मान डोलायची.

कपाचं तर सांगूच नका. निळ्या फुलांचा एकच कप घरात उरला होता. तो अनंताला. मला स्टीलचा गिलास. दुपारी मी शेतात गेलो की हा वही घेऊन आमच्या स्वयंपाकघरात. ही सांगायची, हा लिहायचा. मी आलो की दोघं गप. काय बोलत असतील? विचारलं तर म्हणायची, "मोबाईल शिकायले मी." मोबाईल शिकायला सहा महिने? माझं डोकं फिरायचं, मी म्हशीकडं जाऊन बसायचो.

ती गवारीची भाजी तिनं केली, आमी जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत दुखलं. जिंतूरला पोचायच्या आत गेली.

तेराव्याला अनंता कोपऱ्यात उभा होता. मी सगळ्यांदेखत म्हणलं, "आता दाखव तुझ्या वहीत परत यायची वाट."

"न्हाई मामा," म्हणला, अन् खाली बघत निघून गेला. महिनाभर फिरकला न्हाई. मी म्हणलं, बरोबर हाय, कपाचा सोयरा.

काल सांजच्याला आला. वही पुढं केली. "मामीला डॉक्टरनं सांगितलं होतं, हृदय कमजोर हाय. तुमाला सांगू नको म्हणल्या. हे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. द्यायची हिंमत होईना."

म्हणजे माझ्या बायकोचं दुखणं ह्याला ठाऊक, मला न्हाई. वही फेकूनच देणार होतो. पण वर लिहिलं होतं, "मामा. सध्याची स्थिती."

"चहा : कमी साखर सांगतात. दोन चमचे टाकणे, विचारू नये.

"बीपीची गोळी : नको म्हणतात. भाकरीशेजारी ठेवणे, बोलू नये.

"राग : म्हशीकडे जातात. अर्धा तास थांबणे. आपोआप पूर्ववत होतात.

"मुलाचा फोन : 'बरं हाय' म्हणतात. खरे धरू नये."

अशी अकरा पानं. दुपारभर दोघं माझंच बोलायचे.

शेवटच्या पानावर अक्षर वेगळं. वाकडं, मोठं. तिचं. "अनंताला सकाळी च्या द्या. मागत न्हाई. यकटा हाय."

"हे मी लिहिणार न्हाई म्हणलो," अनंता भिंतीकडं बघत म्हणला, "तर त्यांनी पेन हिसकून घेतला."

मी उठून म्हशीकडं गेलो. तोबी गेला.

आज सकाळी उठून च्या ठेवला. दोन चमचे साखर. फडताळातून निळ्या फुलांचा कप काढला, धुतला, अन् त्यात माझा च्या ओतला. त्याचा स्टीलच्या गिलासात. दोन्ही घेऊन रस्ता ओलांडला, दार पायानं वाजवलं.

अनंतानं गिलास घेतला. माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं.

"मामा, कप..."

"एका टायमाला एकच बदल," मी म्हणलं. "च्या मिळायलाय तेवढं बघ. सरक, बसू दे."