राखाडी गाडीच्या वाढीव वॉरंटीचा कज्जा

छोट्या सरकारांचे सेवेसी, तुमच्या मातोश्रींनी दुपारचा चहा उरकून, डोळ्यांत थेंब घालून, ते सुकेतो थांबून आणि खुर्ची उजेडाकडे वळवून लिहिले ऐसे जे. गेल्या रविवारी तुमचा हुकूम फोनवरून आला की, "गाडीचं काय ठरलं ते नीट लिहून पाठव, फोनवर तू विषय बदलतेस." हुकूम वाजवी आहे. सबब वाढीव वॉरंटीची मोहीम कैसी उभी राहिली, कोणी काय मसलत दिली, वेढा किती वेळ चालला आणि गड कसा हाती आला, ते कुल वर्तमान लिहिते. या कागदात बाईसाहेब म्हणोन जी असामी वारंवार येईल ती आणि बखरनवीस एकाच खुर्चीत बसतात. तेव्हा बाईसाहेबांच्या पराक्रमाचे वर्णन अंमळ जास्त वाटल्यास सोडून द्यावे. कमी वाटल्यास मात्र जरूर कळवावे.

पूर्वपीठिका तुम्हांस ठाऊक आहे, तथापि बखरीस पूर्वपीठिका लागतेच. तीन वर्षांमागे राव, म्हणजे तुमचे तीर्थरूप, ज्यांनी बेचाळीस वर्षे स्टिअरिंगवर अखंड अंमल केला, त्यांचे डोळ्याचे पडद्यास दुखणे जाहले आणि डॉक्टरांनी त्यांजकडून गाडी चालवण्याचा अधिकार काढून घेतला. त्या समयी बाईसाहेबांनी, उमर वर्षे एकाहत्तर, कपाटातून आपले लायसन काढिले, त्यावरील फोटोतील दोन वेण्यांकडे पाहून उसासा टाकिला, त्याची मुदत वाढवून घेतली, आणि लहानशी राखाडी गाडी नवी घेऊन मुलूखगिरी आरंभिली. मुलूख म्हणजे दवाखाना, भाजीबाजार, वाचनालय आणि बहिणीचे घर. हे ऐकून तुम्ही रजा टाकून धावत आलात, स्वयंपाकघरात दरवाजा लोटून खलबत जाहले, आणि तह ठरला. तहाचे कलम एकच: कंपनीची वॉरंटी आहे तोवर आईने गाडी चालवावी, ती संपली की किल्ली खाली ठेवावी आणि गाडी विकावी. बाईसाहेबांनी मान्य केले. तीन वर्षे म्हणजे तेव्हा युग वाटले होते. मग युग संपत आले, आणि तेही चालू महिन्याच्या तीस तारखेस.

अशात कंपनीचा खलिता मोबाइलवर येऊन थडकला की, आपल्या वाहनाची वॉरंटी समाप्त होत आहे, तरी एक, दोन अथवा चार वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊन निश्चिंत व्हावे. बाईसाहेबांची बुद्धी तीक्ष्ण, म्हणोन एका क्षणात उमगले की वॉरंटी वाढली की तह वाढला, आणि छोट्या सरकारांस आपल्याच शब्दात बांधून ठेवता येईल. दुसरा कोणी सेनानी असता तर त्याच घटकेस पैसे भरून मोकळा होता. बाईसाहेबांनी मोबाइल पालथा घातला आणि आधीच घड्या घातलेले टॉवेल उलगडून पुन्हा घड्या घालावयास बसल्या.

याचे कारण लिहिणे भाग आहे, आणि हे कलम तुम्हांस प्रथमच विदित होत आहे, तरी खुर्चीत बसून वाचावे. तीन महिन्यांमागे, भर दिवसा, इमारतीखाली गाडी मागे घेत असता बाईसाहेबांनी सात नंबरचा खांब ठोकला. खांब त्या जागी एकोणीस वर्षे उभा आहे. तो जागचा हलला असावा ऐसा बाईसाहेबांचा दोन दिवस पक्का ग्रह होता. मग ग्रह सुटला आणि भीती बसली, कारण आरशात पाहिले होते, मान वळवून पाहिले होते, आणि खांब दिसलाच नव्हता. वर येऊन रावांस सांगितले की, कोणीतरी उभी गाडी ठोकून गेलं. राव काठी घेऊन खाली गेले, अर्ध्या घटकेने वर आले, आणि बोलले की लोक फार बेजबाबदार झालेत. मग चहा मागितला.

तेव्हा प्रश्न वॉरंटीचा नव्हता. कंपनी गाडीची हमी देणार होती. बाईसाहेबांची कोण देणार, हा कज्जा होता. परंतु मोठ्या मोहिमांत खरा प्रश्न बाजूस ठेवून सोपा प्रश्न दहा जणांस विचारण्याची चाल आहे. त्याप्रमाणे बाईसाहेबांनी सल्लामसलतीचे दौरे काढिले.

प्रथम वरच्या मजल्यावरचे ऑडिटर. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांस बारा वर्षे जाहली, तथापि कागद दिसला की अद्याप त्यांच्या डोळ्यांत तेज येते. त्यांनी भिंग आणविले आणि वॉरंटीच्या अटी मोठ्याने वाचल्या. टायर नाही, ब्रेक नाही, बॅटरी नाही, काच नाही, क्लच नाही, वायपरचं रबर नाही.

बाईसाहेब बोलल्या, "मग आहे तरी काय?"

"जे कधी मोडत नाही ते सगळं आहे, वहिनी."

ऐसे बोलून त्यांनी सदर अटींवर पेन्सिलीने एकवीस शंका काढून दिल्या. बाईसाहेबांनी त्या पर्समध्ये ठेविल्या. तेथे त्या आजही आहेत.

मग स्वारी कोपऱ्यावरच्या गॅरेजात उस्तादाकडे गेली. उस्ताद गाडीखाली निजून काम करीत होता, त्याने तेथूनच मुजरा केला. वाढीव वॉरंटी घ्यावी की न घ्यावी, ऐसा सवाल पुसता तो बाहेर सरकला, हात पुसले, आणि किती किलोमीटर झाले म्हणोन विचारिले. सहा हजार, ऐसे सांगितले.

"तीन वर्षांत? काकू, मोडायला आधी गाडी चालवावी लागते. इंजिनाला काही धाड भरत नाही. क्लच तेवढा जाईल, तुम्ही त्यावर पाय टाकूनच बसता. ते पायपुसणं नाही."

"क्लच वॉरंटीत नाही म्हणे."

"मग झालं की. जे तुम्ही मोडणार ते त्यात नाही, आणि जे त्यात आहे ते तुमच्याच्यानं मोडत नाही." मग आवाज खाली आणून पुसले, "मागचा बंपर कसा आहे आता? घरी कळलं नाही ना?"

बाईसाहेबांनी दोन्ही बाजूंस पाहिले, नाही म्हणून मान हलविली, आणि क्लचवरून पाय झटक्याने काढून, गाडी दोनदा बंद पाडून, डौलाने परतल्या.

राहिले राव. त्यांची मसलत घेण्यासाठी तीन सकाळी मोर्चे बांधले. एकदा पोह्यांच्या निमित्ताने, एकदा नखे कापावयाच्या निमित्ताने, एकदा कोणत्याच निमित्ताविना. प्रत्येक वेळी रावांनी फर्मावले की, "तुला बरं वाटेल ते कर." हे वाक्य संसारात बावन्न वर्षे ऐकीत आहे. त्याचा अर्थ लावण्यास ऑडिटरही पुरे पडणार नाहीत.

ऐसे होता होता तारीख अठ्ठावीस उजाडली, आणि दुपारी तीन वाजता शत्रूने खुद्द चाल केली. फोन वाजला. पलीकडे कंपनीची वॉरंटीबाई होती. आवाज कोवळा, बोलणे घोटलेले. येथे बाईसाहेबांचे एक जुने व्यंग सांगितले पाहिजे. बाईसाहेबांनी एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावर काढिली. कानांवर हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, आणि नियम असा की बोलणाऱ्याने फोन ठेवल्याविना ऑपरेटरने लाइन तोडू नये. तोडली की मेमो. त्या एक्स्चेंजाची इमारत पाडून तेथे कपड्यांचे दुकान जाहले, पण नियम हाडीमाशी राहिला. बाईसाहेब आजतागायत कोणाचा फोन आधी ठेवीत नाहीत. रॉंग नंबरवाल्याचीही बायकामुलांची ख्यालीखुशाली निघते, आणि मग तोच कंटाळून ठेवतो.

वॉरंटीबाईने वॉरंटीचे गुणवर्णन केले. बाईसाहेबांनी विचार करते म्हणून सांगितले. तिने पुन्हा केले. बाईसाहेबांनी पुन्हा सांगितले. मग आणखी काही मदत हवी का, ऐसे पुसले, नको, म्हटले. मग दोन्ही गोट वाट पाहत राहिले.

"मॅडम, तुम्ही फोन ठेवू शकता."

"तू ठेव, बाळ."

"आम्हाला आधी ठेवता येत नाही, मॅडम."

"आम्हालाही नव्हतं येत."

तेथून जो वेढा पडला तो एक तास दहा मिनिटे चालला. रावांनी चहा केला, तो गार जाहला, पुन्हा केला, तोही गार जाहला. इकडे बाईसाहेबांनी पलीकडच्या गोटाची बित्तंबातमी काढली: दिवसाला किती फोन, पाठ दुखते का, पाणी प्यायला उठू देतात का.

"मागून कोणी ऐकत असतं का गं तुमच्यात?"

"हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होतोय, मॅडम."

"म्हणजे ऐकतात. आमच्यातही ऐकायचे. मला सांग, माझ्या जागी तुझी आई असती तर तू हे घ्यायला सांगितलं असतंस?"

"हा कॉल रेकॉर्ड होतोय, मॅडम," वॉरंटीबाई पुन्हा बोलली, आणि या खेपेस आवाजात हसू होते. मग ती म्हणाली की निदान फॉर्म तरी भरून ठेवते. गाडीचा नंबर, दिला. मुख्य चालक कोण, मी. वय, चौऱ्याहत्तर. पलीकडे बोटांचा टकटकाट जाहला.

"आणि अजून किती वर्षं चालवणार, मॅडम? एक, दोन की चार?"

तिने ते सहज विचारिले. तिच्यापुढे तीन चौकोन होते, एकात खूण करावयाची होती. परंतु तीन महिन्यांत हा सवाल कोणीही केला नव्हता. ऑडिटरांनी नाही, उस्तादाने नाही, रावांनी नाही, आणि बाईसाहेबांनी स्वतःस तर मुळीच नाही.

बाईसाहेबांस त्या क्षणी एक्स्चेंजातल्या थोरल्या बाई आठवल्या. चाळीस वर्षांची नोकरी, बोर्डावरचे साम्राज्य, आणि अखेरच्या वर्षी कानांनी दगा दिलेला. चारशे बारा मागितला की त्या चारशे दोन जोडीत. शेजारच्या मुली काही न बोलता हात लांब करून दोरी योग्य भोकात घालीत. वर्षभर घातल्या. निरोपसमारंभात थोरल्या बाई उभ्या राहून बोलल्या की, मी आयुष्यात एकही चुकीचा नंबर जोडला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. त्यात सर्वांत जोराची टाळी बाईसाहेबांची होती, आणि अर्ध्याहून जास्त दोऱ्याही त्यांनीच बदलल्या होत्या. ते प्रेमाने केले होते. तरी त्या संध्याकाळी घरी जाताना थोरल्या बाईंकडे बघवेना.

मग बाईसाहेबांनी मान वर केली. समोर राव वर्तमानपत्र धरून बसले होते, आणि ते उलटे होते. सात नंबरच्या खांबावर राखाडी रंगाचा हातभर ओरखडा उमटला होता, तो त्याच दिवशी नाहीसा जाहला होता, आणि झाडूवाली कामाची आहे म्हणोन बाईसाहेबांनी तिची तारीफही केली होती. काठी घेऊन खाली गेलेल्या माणसास वर यावयास अर्धी घटका का लागली, हे आता समजले. गुडघा धड वाकत नाही, आणि खांब पुसत बसले.

"एक," बाईसाहेब बोलल्या.

"चार वर्षांवर सवलत आहे, मॅडम."

"एकच लिही."

तिने लिहिले, आभार मानले, आणि दोन्ही बाजू पुन्हा वाट पाहत राहिल्या. तेव्हा राव उठले, आले, आणि बोट लावून फोन बंद केला. एकतीस वर्षांचा नियम मोडला, तो रावांच्या हातून. बाईसाहेबांकडे बोल नाही.

मग राव बोलले, "चार घेतली असतीस तरी मी काही म्हटलं नसतं."

"ठाऊक आहे. म्हणून एक."

रावांनी जागेवर जाऊन वर्तमानपत्र सुलटे केले.

येणेप्रमाणे तारीख अठ्ठावीस, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मोहीम फत्ते जाहली. वॉरंटीचा कागद कोपऱ्यावरून छापून आणिला, एक प्रत कपाटात, एक या पत्रासोबत. मुदत पुढील वर्षी याच महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. दरम्यान अंधार पडल्यावर गाडी निघणार नाही, आणि मागे घेताना राव खाली उतरून पाहतील (गाडी चालवण्यापुरते नाही, पण खांबापुरते त्यांस अद्याप दिसते) आणि मोठ्याने सांगतील. पुसून ठेवणार नाहीत, ऐसे त्यांजकडून वदवून घेतले आहे. जुने कलम बाईसाहेबांनी मोडले, हे कबूल आहे. वॉरंटीच्या आडून तुमच्याकडून वर्ष काढून घेतले, हेही कबूल. त्याबदली नवे कलम लिहून देते. मुदत संपण्याआधी आठवडाभर तुम्ही रजा घेऊन यावे, शेजारी बसावे, आणि मी गाडी गावाबाहेर नेऊन परत आणीन. तुम्ही जे पाहाल ते तेथेच, गाडीत, माझ्या तोंडावर सांगावे. वडिलांस विचारू नये, बाहेर उस्तादास विचारू नये, आणि माझ्या तब्येतीचा विचार करून गोड बोलू नये. किल्ली ठेवायची म्हणालात तर ती मी तुमच्या हातात देईन, आणि त्या दिवशी स्वयंपाक तुम्ही कराल.

विजय एका वर्षाचा आहे. तो बाईसाहेबांनी आपल्या तोंडाने मागितला, ऐसी दप्तरी नोंद व्हावी.