बाजीरावांचं सोंगयंत्र

बाजीराव जगदाळे बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबत, खिशातल्या चिठ्ठीवर काहीतरी टिपत आणि निघून जात. उरलेलं वाक्य दोन दिवसांनी येई. एका मंगळवारी ते मला जिन्यात म्हणाले, "आवं भाऊसाहेब, तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला..." आणि गेले. गुरुवारी मी डब्यातला पहिला घास तोंडात घालतो तोच मागून आवाज आला, "...निर्गुडीचा पाला बांधा."

ही सवय त्यांना मुळात नव्हती. माधवनगरच्या आमच्या गिरणीत ते हजेरी खात्यात होते, मी हिशेब खात्यात. त्याआधी ते पलटणीत सिग्नलचे हवालदार. गिरणीनं हजेरीचं काम मुंबईतल्या एका केंद्राच्या कॉम्प्युटरवर करून घ्यायचं ठरवलं आणि तिथं बसायला आपलाच एक माणूस तयार करायचा, असंही ठरलं. इंग्रजीला न बिचकणारे म्हणून बाजीरावांना तीन आठवडे शिकायला धाडलं. चार महिन्यांनी परीक्षा. पास झाले तर दोन वर्षं मुंबईत नेमणूक, वरचा हुद्दा.

ते परतले ते एक जाड पुस्तक घेऊन. यंत्र मुंबईत, पुस्तक माधवनगरात. पण माणूस हटणारा नव्हता. मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"यंत्र येकच हाय. पर त्याच्या पोटात धा यंत्रांची सोंगं. हरेक माणसाला वाटतंय, समदं यंत्र माझंच. खाली येक कारभारी बसल्याला असतोय. त्यो ह्याला थोडं, त्याला थोडं देत फिरतोय. ज्याला थांबवलं त्याचं कुठं थांबलं ते टिपून ठिवायचं आन् फिरून तितनंच उचलायचं. मदी थांबवलं हे त्याला कळताच कामा नये."

"पण गुडघ्याचं मला कळलं," मी म्हणालो.

"त्यो कारभाऱ्याचा दोष. शिकतोय अजून."

आमच्या खात्यात हातानं दांडा फिरवायचं बेरजेचं यंत्र एकच होतं आणि कारकून चौघं. जेवणाच्या सुट्टीत बाजीराव त्या यंत्रावर कारभारी होऊन बसू लागले. आम्हा चौघांमध्ये त्यांनी फायलींचे ढीग रचले, कुणाला कुणी दिसू नये म्हणून. प्रत्येकानं आपले आकडे द्यायचे. ते दोन मिनिटं एकाची बेरीज चालवत, मध्येच थांबवत, आलेला आकडा टिपत आणि दुसऱ्याची धरत. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या घोरपडेची अर्धी बेरीज माझ्या कागदात शिरली. माझ्या एकेचाळीस कामगारांचे दिवसाचे तीनशे अठ्ठावीस तास व्हायला हवेत, ते तीन हजार बारा झाले.

घोरपडे ओरडला, "बाजीराव, ही माणसं झोपतात कवा?"

"गप रं. दोन घरची भांडी येक झाली, इतकंच."

त्यांनी प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी ठरवली आणि भांडी वेगळी झाली. यंत्राचा अर्धा वेळ मात्र त्यांनी चौघांनाही कबूल केला होता. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण, हे मी दाखवून दिलं. ते हसले. "चौघं येकाच टायमाला मागत न्हाईत, ह्याच्यावरच तर समदं चालतंय." महिनाअखेरीला चौघांनीही एकदम मागितलं. त्या दिवशी बाजीरावांचा डबा उघडलाच गेला नाही.

तिसऱ्या महिन्यात मी त्यांच्या साठ बेरजा स्वतः ताडून पाहिल्या. चूक एकही नव्हती. परीक्षेतही ते पास झाले. मॅनेजरांनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी बाजीराव म्हणाले, "मुंबईला जायाचं न्हाई जमत." कारण विचारलं तर गप्प. मॅनेजर चिडले आणि मला म्हणाले, "रविवारी त्यांच्या घरी जा आणि होकार घेऊनच या."

बाजीराव दर शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं साताऱ्याकडे गावी जात. शेतीची ओढ असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी पोचलो तेव्हा ते ओसरीवर आईला भाकरी-दूध भरवत होते. म्हातारी ऐंशीच्या पुढची. डोळे स्वच्छ, पण आठवणींचा ताळमेळ गेलेला.

"दादा, बैलं गावली का रं?" तिनं बाजीरावांना विचारलं.

"गावली भागे, वड्याकाठी. खा."

दोन घास गेले आणि ती एकदम कडाडली, "तलाठ्या! माझा बांध कोरलास व्हय रं मुडद्या?"

"चुकलं बाई. उद्या मोजायला साखळी घिऊन येतो. येवढा घास घ्या."

थोड्या वेळानं तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "आवं, तुमी जेवला का?"

"जेवलो. आता तू जेव बघू."

बाजीरावांच्या पत्नीनं मला पाणी दिलं. "मागल्या ऐतवारी मामांची, त्यांच्या भावाची, बैलं हरवली व्हती," त्या म्हणाल्या, "ती आज गावली. ह्यांनी हप्ताभर ध्यानात ठिवलं. मी बी लय करून बघते, पर मी बायमाणूस. मामा कशी हुणार? बुधवारनंतर त्या खाणंच सोडत्यात, शनवारपातुर. हे म्हैन्यातनं येकदा आले तर..."

मुंबईला शेवटी घोरपडे गेला आणि त्याला बाजीरावांनीच शिकवलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी मॅनेजरांचा निरोप मी सांगितलाच नाही. दीड तास बसून होतो. तेवढ्यात म्हातारीनं त्यांना तीन माणसं करून सोडलं आणि भाकरी जवळजवळ संपत आली.

शेवटच्या चतकोराला तिनं तोंड फिरवलं. "दादा, माझा बाज्या कवा यायचा रं पलटणीतनं?"

बाजीरावांचा हात थांबला. "आये, मीच की बाज्या," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं, त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं नीट पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई. त्यो लय बारीक हाय."

मग त्यांनी घास पुन्हा दुधात बुडवला.

"व्हय की भागे. त्याचा कागद आलाय."

"काय लिवलंय?"

"लिवलंय, रजा मिळाली की येतो. तवर आईला म्हणावं, पोटभर जेव."

तिनं तोंड उघडलं.