जात्यावरचा सिनेमा

सिनेमाच्या पडद्यावर 'कथा' या शब्दापुढं माझं नाव झळकणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! लढाई नुकतीच संपली होती, कच्च्या फिल्मवरचं सरकारी रेशनिंग उठून सिनेमे धडाधड निघू लागले होते, आणि मी मेढ्यातली मास्तरकी सोडून गोष्ट लिहिली होती. शिपाई लढाईवरून परततो, दाढी वाढलेली, बायको ओळखत नाही. ओळखतो तो त्याचा बैल!

बायका रडल्या की सिनेमा चालतो. म्हणून गोष्ट आधी रंगूआत्तीला ऐकवली. सुपातले जोंधळे भिजेपर्यंत आत्ती रडली!

दुसऱ्या पहाटे तिच्या जात्यातून पिठाबरोबर माझी गोष्टही झरू लागली:

दाढीचं झालं रान, वळखंना गं अस्तुरी
दावं तोडून आला बैल, धन्याच्या म्होरी

मी हरखलो. आठवड्याभरात ती ओवी आळीतल्या प्रत्येक जात्यावर जाऊन बसली. फुकटात जाहिरात!

अशातच कोल्हापूरहून सिनेकंपनीचे मालक लालासाहेब गोष्ट ऐकायला आले. मुक्काम आमच्याकडेच, वाचन सकाळी. पहाटे चहूबाजूंनी जाती सुरू झाली, तसा मी पांघरुणात गालातल्या गालात हसलो.

चहा झाला. मी घसा साफ केला. "एक शिपाई असतो..."

"दाढीवाला?" लालासाहेब म्हणाले.

"हो! त्याची बायको..."

"ओळखत नाही. बैल दावं तोडतो. अहो मास्तर, पहाटेपासून सगळं गाव हेच गातंय! जुनी लोककथा आणि स्वतःची म्हणून खपवताय?"

"देवाशपथ माझी आहे! आत्ती, तूच सांग गं!"

आत्ती पदर सावरत बाहेर आली. पाहुण्यापुढं भाच्याची गोष्ट हलकी ठरू नये, एवढंच तिच्या मनात.

"आवं, नवी कुठली? माज्या आज्जीच्या जात्यावरची हाय! लय खानदानी गोष्ट!"

लालासाहेबांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "मग लेखक हवाच कशाला?"

वर्षभरानं सांगलीत सिनेमा लागला. आत्तीला घेऊन गेलो. पडद्यावर अक्षरं आली, 'कथा: पारंपरिक'. बैलानं दावं तोडलं आणि अख्खं थिएटर हुंदके देऊ लागलं. मीही डोळे पुसले. कशासाठी, ते विचारू नका!

गाऊन गाऊन आत्तीला आता तिचंच म्हणणं खरं वाटू लागलं होतं. तिनं मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"नाथा, ह्येला म्हंत्यात गोष्ट! तू बी असलं कायतरी लिव की रं!"